मेंदूविकार आणि हरपलेली प्रेरणा

पक्षाघाताच्या झटक्यातून एखादा गृहस्थ बरा होऊन घरी येतो. हातपाय चालतात, वाचा शाबूत आहे, मागचा हिशेब विचारला तर तो बिनचूक सांगतो. परंतु सकाळी खाटेवर बसविला की दुपारपर्यंत तो तेथेच बसून असतो. ताट पुढे ठेवले तर जेवतो, न ठेवले तर मागत नाही. गोठ्यात जनावर हंबरते ते त्याला ऐकू येते, वैरण टाकावयास हवी हेही कळते, तरी तो उठत नाही. घरची माणसे प्रथम समजूत घालतात, मग रागावतात, आणि अखेर 'असेल माझा हरी' ही म्हण त्याला ऐकविली जाते. श्रोत्यांमध्ये ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि निरनिराळ्या कचेऱ्यांतील अधिकारी आहेत. असा इसम त्यांच्यापैकी अनेकांच्या पाहण्यात आला असेल. तो आळशी की आजारी, हा या भाषणाचा विषय होय.

'निरिच्छ' हा शब्द मराठीत गौरवाने वापरला जातो. परंतु विरक्त पुरुषाने इच्छा आपण होऊन सोडलेली असते. येथे ती रुग्णाला न विचारता निघून गेलेली असते. वैद्यक या अवस्थेला 'ॲपथी' म्हणते. मराठीत तिला प्रेरणालोप म्हणावयास हरकत नाही. खिन्नतेहून ती निराळी आहे. खिन्न मनुष्य झुरतो, स्वतःला दोष देतो. प्रेरणालोप झालेल्यास बहुधा दुःखही नसते, आणि म्हणूनच तो तक्रार करीत नाही. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन व्याधीच्या, सुमारे ४० टक्के रुग्णांत ही अवस्था आढळते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे वर्णन लिहिले, तेव्हा संवेदना व बुद्धी अबाधित राहतात असे त्यांनी नमूद केले होते. थरथरणारा हात सर्वांना दिसला. आतून विझत गेलेली इच्छा वैद्यकाच्या नजरेस येण्यास फार काळ जावा लागला.

इच्छा ही मेंदूत एका जागी साठविलेली वस्तू नव्हे. कपाळामागील अग्रखंडात बेत आखला जातो. तेथून निघालेले तंतू मेंदूत खोलवर असलेल्या पेशीपुंजांकडे जातात, तेथून संदेश थॅलॅमस या केंद्राकडे आणि तेथून पुन्हा अग्रखंडाकडे येतो. असे अनेक फेरे शेजारी शेजारी चालतात, ही मांडणी अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८६ साली केली. त्यांतील एक फेरा हालचालींचा. तो बिघडला तर अवयव जखडतात. प्रेरणेचा फेरा बिघडला तर अवयव मोकळे राहून मनुष्य जखडतो. विहिरीला पाणी आहे, वाफ्यात पीक उभे आहे, पण मधला पाट फुटला आहे, अशी ही स्थिती होय.

पॅरिसमधील मज्जाविकारतज्ज्ञ दॉमिनिक लाप्लान यांनी १९८० च्या दशकात अशाच रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या खोल पुंजांना इजा झालेली होती. एकाच्या बाबतीत निमित्त गांधीलमाशीच्या दंशाचे होते. या रुग्णांची बुद्धी बव्हंशी शाबूत होती. एकटे सोडले तर ते तासन् तास स्वस्थ बसत. कोणी काम सांगितले की ते काम करीत. आतून येणारी चालना नाहीशी झाली होती, बाहेरून दिलेली मात्र पोहोचत होती. रुग्णाच्या शुश्रूषेच्या दृष्टीने या निरीक्षणाइतके उपयोगी दुसरे काही नाही.

या फेऱ्यांना चालते ठेवणारे एक महत्त्वाचे रसायन म्हणजे डोपामाइन. त्याच्या शोधाशी दोन भारतीय वनस्पतींचा संबंध आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. हेच द्रव्य स्वीडनच्या अर्व्हिड कार्लसन यांनी सशांना दिले, तेव्हा ससे निश्चल झाले. मग एल-डोपा टोचताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले. ही गोष्ट १९५७ सालची. एल-डोपापासून शरीरात डोपामाइन तयार होते. आणि हे एल-डोपा आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत असल्याचे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ सालीच दाखविले होते! कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनचा तुटवडा असतो, हे व्हिएन्ना येथे १९६० साली सिद्ध झाले. अर्थात खाजकुयलीच्या बिया कुटून घरीच मात्रा ठरविणे धोक्याचे आहे. बीगणिक द्रव्याचे प्रमाण बदलते, आणि चालू औषधांत त्याची भर पडली तर अपाय संभवतो.

डोपामाइन म्हणजे सुखाचे रसायन, असे सर्रास लिहिले जाते. ते फारसे खरे नाही. अमेरिकेतील केंट बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामाइन जवळजवळ नाहीसे केलेले उंदीर अन्नाकडे जात नसत. परंतु साखरेचे पाणी जिभेवर सोडले की गोडी लागल्याच्या खुणा त्यांच्या तोंडावर उमटत. म्हणजे गोडी उरते, गोडीकडे जाण्याची ओढ उरत नाही. घरातही असेच दिसते. नातवंड मांडीवर आणून दिले की आजोबा हसतात. नातवंडाला भेटावयास स्वतः उठत नाहीत. यावरून त्यांची माया आटली असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. कंपवाताच्या रुग्णांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बक्षिसासाठी मूठ आवळण्याचे कष्ट घेण्याची तयारी डोपामाइनवर्धक औषध चालू असताना वाढलेली आढळली. मेंदू श्रम आणि फळ यांचा ताळा सतत मांडीत असतो. आजारात श्रमाची बाजू जड होते.

मग औषध वाढविले की काम झाले, असेही नाही. १९६९ साली न्यू यॉर्कच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी मेंदूज्वराच्या जुन्या साथीतून वाचलेल्या, वर्षानुवर्षे निश्चल बसलेल्या रुग्णांना एल-डोपा दिले. ती माणसे उठली, बोलू लागली. पण पुढे अनेकांना अनिवार हालचाली व अस्वस्थता यांनी ग्रासले. डोपामाइनसारखे कार्य करणाऱ्या काही औषधांनी रुग्णास जुगाराचा वा बेसुमार खरेदीचा नाद लागल्याचीही उदाहरणे आहेत. प्रेरणालोपावर हमखास गुण देणारे औषध अद्याप उपलब्ध नाही.

त्यामुळे बाहेरची चालना हाच आज घराच्या हातातला मुख्य उपाय ठरतो. 'आज काय करायचे?' हा प्रश्न अशा माणसाला पेलत नाही; 'अण्णा, चला, झाडांना पाणी घालू' हे पेलते. कामाची वेळ रोज तीच असावी, काम लहान असावे आणि आरंभी कोणी सोबत असावे. डॉक्टरांकडे जाताना नातेवाईकांनीच बोलावयास हवे. रुग्णाला विचारले तर तो 'ठीक आहे' म्हणणार. खिन्नता, थायरॉइडचा विकार आणि चालू औषधांचा परिणाम यांची तपासणीही व्हावयास हवी, कारण त्यांवर उपचार आहेत. शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जपानी मेंदूज्वरात थॅलॅमस आणि हे खोल पुंज यांना इजा होऊ शकते. त्या आजारातून उठून शाळेत आलेले मूल मंद वाटले, तर शिक्षेचा विचार करण्याआधी त्याचे रुग्णालयाचे कागद पाहावेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत पार्किन्सन व्याधीचा नावानिशी उल्लेख आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने कमी करू नये वा पदावनत करू नये, आणि तो त्या पदास अयोग्य ठरल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावे, अशी तरतूद कलम २० मध्ये आहे. तेव्हा कारणे दाखवा नोटीस काढण्यापूर्वी संबंधितास वैद्यकीय तपासणीसाठी पाठविणे इष्ट. दरम्यान कामाची वाटणी बदलून पाहता येते. 'सवडीने पाहा' असे सांगून नस्ती दिली तर ती मेजावरच पडून राहील. 'हे टिपण चार वाजेपर्यंत' असे सांगून दिली तर ती बहुधा चार वाजता परत येईल.