सासूबाईंची गोळी आणि घड्याळ
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं भाषण)



म्हातारं माणूस थरथरायला लागलं की आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. पण हात थरथरणं, हालचाल मंदावणं, चेहरा मख्ख दिसणं, गटाच्या रजिस्टरवरची सही बारीक होत जाणं, हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सही असू शकतो. मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. आजार पुरता जात नाही, पण औषधानं माणूस हिंडूफिरू शकतं.

माझ्या सासूबाईंना लेवोडोपाची गोळी आहे. ती ठरल्या वेळेलाच द्यायची. उशीर झाला की अंग लाकडासारखं होतं. डाळ, दूध, अंडं गोळीच्या आड येतं, म्हणून डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास सांगितलीय. डाळ बंद करायची नाही हं, वेळ तेवढी वेगळी ठेवायची. मी रोजावर गेले की मालक देतात. घड्याळ पुरुषांनाही कळतं!

गोळी मनानं एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. कुणी खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण देतं. त्या बियांत लेवोडोपाच असतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उंबऱ्यापाशी पाय चिकटले तर ओढू नका, माणूस पडतं. थांबून 'एक-दोन' म्हणा. आम्ही फरशीवर रंगाचे आडवे पट्टे मारलेत. पट्टा ओलांडायचा म्हटलं की पाय उचलतो.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंट आणि घरचे एकत्र जमतात. आपल्या गटांतही अशी घरं असतील. नावं आजच सचिवताईंकडं द्या, पुढच्या बैठकीआधी आशाताईंना घेऊन जाऊन येऊ.