लहान मोटार आणि खरी काटकसर



धार व देवास या पवारांच्या संस्थानांत मोटार हे एके काळी राजवैभव मानले जाई. डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ घनसेंटिमीटर इंजिनाची मारुती ८०० रस्त्यावर आली आणि शिक्षक, कारकून यांच्या कुटुंबांनाही मोटारीचे स्वप्न पाहता आले.

लहान मोटार घेतली म्हणजे काटकसर साधली, असे मात्र नव्हे. टायरमधील हवा कमी असल्यास इंधन अधिक जळते. म्हणून टायर थंड असतानाच हवा तपासून घ्यावी.

देवासवरून येणारा आग्रा–मुंबई महामार्ग धार जिल्ह्यातील गणेश घाटातून निमाडात उतरतो. अशा उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी कित्येकजण गाडी न्यूट्रल करतात. हा समज घातक आहे. गाडीचा सर्व भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि ऐनवेळी निकामी होतात. ब्रेकचे तेल जुने, ओलावा शोषलेले असल्यास धोका अधिकच वाढतो. उलट, आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्या खालच्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरविल्यास इंजिनाचा इंधनपुरवठा आपोआप थांबतो.

तेव्हा ब्रेकचे तेल वेळेवर बदलावे आणि घाट गिअरमध्येच उतरावा. बचत आणि सुरक्षितता यांत येथे विरोध नाही.