मतभेदांचे परभणीत स्वागत





तुराबुल हक शाहांच्या दर्ग्याच्या आणि संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या या परभणी जिल्ह्यात मी आपले मनापासून स्वागत करतो. या परिषदेसाठी 'नस्ख' हा विषय ठरला, तेव्हा हा वाद मदरशातच राहू द्या, असे काही हितचिंतकांनी सुचवले. मला ते पटले नाही.

नस्खचा प्रश्न असा: कुरआनातील एका आयतीचा हुकूम नंतर उतरलेल्या आयतीने रद्द होतो का? सूरह बकराची 106वी आयत या चर्चेचा मुख्य आधार. पण अशा मन्सूख, म्हणजे रद्द झालेल्या, आयती किती, यावर एकमत कधीच नव्हते. काही जुन्या याद्यांत त्या दोनशेहून अधिक आहेत. पंधराव्या शतकातल्या इमाम सुयूतींनी त्या विसाच्या आसपास आणल्या, अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी पाचच मानल्या. अबू मुस्लिम इस्फहानींनी तर हजार वर्षांपूर्वीच कुरआनात अशी एकही आयत नाही, असे म्हटले होते. सर सय्यद अहमद खानांचे मतही तेच.

आता विधवेचा प्रश्न घ्या. बकराच्या 240व्या आयतीत तिच्या वर्षभराच्या निर्वाहाची तजवीज करावी, तिला घराबाहेर काढू नये, असे आहे. 234वी आयत इद्दत, म्हणजे पुनर्विवाहापूर्वीचा प्रतीक्षाकाळ, चार महिने दहा दिवसांची सांगते. बहुसंख्य फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या, मते इद्दतीच्या आणि वारशाच्या आयतींमुळे वर्षाचा हुकूम संपला. शाह वलीउल्लाहांच्या पाचांतही ही आयत आहेच. पण प्रेषितांचे सोबती इब्न अब्बास यांचे शिष्य मुजाहिद दोन्ही आयती लागू मानत. इद्दत बंधनकारक, पुढचे सात महिने वीस दिवस त्या घरात राहायचे की निघायचे, हे तिने ठरवावे. नवरा गेलेल्या तरुण बाईला ते सात महिने डोक्यावर छप्पर असणे म्हणजे काय, हे आपल्या गावखेड्यांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून हा वाद मराठीत, सगळ्यांसमोर व्हायला हवा.

माझी एकच विनंती. 'ती आयत मन्सूख आहे' एवढे म्हणून कुणी कुणाला गप्प करू नये. कोणत्या आयतीने, कोणत्या इमामांच्या मते आणि कुणाचा त्याला विरोध होता, तेही सांगावे. आणि भगिनींनो, पहिले प्रश्न तुम्ही विचारा.