इंग्रजी शिकावी, पण दबून नव्हे

(इंदूर येथील मराठी विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



भाषेविषयी इंदुरास येऊन बोलावे, हे धाडसच होय. मराठी साहित्य संमेलन येथे १९१७, १९३५ आणि २००१ साली भरले. हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महात्माजींनी १९१८ व १९३५ साली याच नगरीत भूषविले. घरी मराठी आणि बाजारात हिंदी येथील मूल न शिकविता शिकते. तेच मूल महाविद्यालयात इंग्रजीपुढे मुके का व्हावे? आमच्या बेळगाव-निपाणीकडेही हाच प्रश्न आहे.

हे मुकेपण बुद्धीच्या उणिवेचे नव्हे, लाजेचे आहे. उत्तर ठाऊक असूनही मुलगा तोंडी परीक्षेत गप्प राहतो. शंका असूनही मुलगी वर्गात उभी राहत नाही. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेली फी अशा मौनात बुडते. मध्य प्रदेशाने २०२२ साली वैद्यकाची पाठ्यपुस्तके हिंदीत आणली, हे योग्यच झाले. तथापि पुढील संशोधन बव्हंशी इंग्रजीतच वाचावे लागते. इंदुरात १९९६ साली व्यवस्थापनाची आणि २००९ साली तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आली. तेथे आसाम वा तामिळनाडूहून आलेल्या सोबत्याशी मैत्री जोडावयाची, तरी पुष्कळदा इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो.

मग उपाय काय? मराठी सोडणे हा उपाय खचित नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या किती पिढ्या इंग्रजी शिकल्या! तिचे मर्म एवढेच, की माहीत असलेल्या भाषेच्या आधाराने नवी भाषा तोलून पाहावी. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. आपले विभक्तिप्रत्यय नामाच्या मागे जोडले जातात, त्यांचे काम करणारे इंग्रजी शब्द नामाच्या पुढे उभे राहतात. मराठी माणसाला भूक ‘लागते’, इंग्रज मात्र स्वतःच भुकेला ‘असतो’. हे भेद ज्याने डोळसपणे पाहिले, त्याच्या निम्म्या चुका आपोआप गळतात.

अभ्यासाची रीतही साधी आहे. उद्याचा धडा आज आपल्या भाषेत समजून घ्यावा, म्हणजे व्याख्यानात फक्त शब्दांकडे कान द्यावा लागेल. वर्गात मुख्य शब्द तेवढे टिपावे. त्याच संध्याकाळी त्यांवरून पाच वाक्ये स्वतः लिहावी आणि मोठ्याने वाचावी. चौघांनी मिळून रोज अर्धा तास केवळ इंग्रजीत बोलावे. मात्र चुकीवर हसणाऱ्यास त्या बैठकीत स्थान नसावे. आणि ‘कृपया पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य सर्वांआधी पाठ करावे. समजले नाही म्हणून पुन्हा विचारणे हा सभ्यपणाच आहे. न समजता मान डोलावणे ही स्वतःची फसवणूक आहे.

मित्रहो, इंग्रजी हे हत्यार आहे, अलंकार नव्हे. हत्यार वापराने धारदार होते. चार अडखळती वाक्ये बोलणारा चार महिन्यांत पुढे जातो. निर्दोष वाक्याची वाट पाहणारा वर्षानुवर्षे जागीच राहतो. तेव्हा उद्याच्या वर्गात प्रत्येकाने एक तरी प्रश्न विचारावा, मग तो कितीही मोडक्या इंग्रजीत का असेना, एवढीच आमची विनंती आहे.