चावी कोणाकडे?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



१९९८ साली वाशिम जिल्हा झाला आणि त्यामागोमाग आपली सोसायटी. सेक्रेटरी म्हणाले, काका, तुम्ही बँकेतले, चार शब्द बोला. आता बँकेतला माणूस बोलणार म्हणजे चावीवरच बोलणार!

आमच्या वेळी स्ट्राँगरूमला दोन चाव्या असत. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. रजेवर जाताना रजिस्टरवर सही करून चावी सोपवायची. पुढे कॉम्प्युटर आले, चावीचा पासवर्ड झाला. नियम तोच. एकानं एन्ट्री करायची, दुसऱ्यानं पास करायची.

तिथं मी चुकलो, ते आज सांगून टाकतो. मिरगाच्या तोंडावर पीक कर्जाची गर्दी. सोयाबीनच्या बियाण्यासाठी माणसं उन्हात रांगेत उभी. मी माझा पासवर्ड एका क्लार्कला देऊन टाकला, म्हटलं, तूच पास कर. एका शेतकऱ्याची रक्कम भलत्याच खात्यात गेली. चोरी नव्हती, नुसती चूक. पैसे दोन दिवसांत परत आले, पण पेरणीचे ते दोन दिवस त्याचे गेलेच. इन्स्पेक्शनला साहेबांनी विचारलं, हे पास कोणी केलं? कॉम्प्युटरवर नाव माझं, आणि तो पोरगा मान खाली घालून उभा. खरं सांगायला मला फार जड गेलं हो.

माझी नात पुण्यात याच कामात आहे. ती म्हणते, आजोबा, यात दोन गोष्टी: माणूस कोण आणि त्याला काय करायची मुभा. पहिली गोष्ट आधार सांगतं. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला झाली. पण आधार दाखवून तिजोरी उघडत नाही. तो अधिकार वेगळा द्यावा लागतो, आणि वेळेवर काढूनही घ्यावा लागतो.

हे सांभाळणारे प्रोग्राम चक्क फुकट आणि खुले मिळतात. ‘कीक्लोक’ नावाचा एक २०१४ पासून आहे. प्रत्येकाला कामापुरती परवानगी. माणूस गेला की एका जागी नाव बंद केलं, की त्याला जोडलेल्या सगळ्या कामांचं लॉगिन बंद. बंगळुरूच्या आयआयआयटीत २०१८ साली सुरू झालेला ‘मोसिप’ तर अख्ख्या देशाच्या ओळखपत्रांसाठी आहे. फिलिपिन्स, मोरोक्कोनं तो घेतला. मी विचारलं, सगळं उघडं, मग चोरालाही दिसणार की! ती म्हणाली, कुलूप कसं बनवलं ते दिसतं, तुमची चावी दिसत नाही. खोट असली तर बघणारे दहा जण सांगतात. फुकट असलं तरी सांभाळायला जाणता माणूस लागतो, हेही तिनंच सांगितलं.

आपल्याला एवढं मोठं नको. पण सोसायटीचा ईमेल, मेंटेनन्सचा हिशेब, गेटचा कॅमेरा, तिन्हींचा पासवर्ड एकच. आणि तो आजी-माजी सगळ्या पदाधिकाऱ्यांना पाठ! त्यातले दोघं घर विकून अकोल्याला गेले. माणसं सोन्यासारखी. पण उद्या हिशेबातला एक आकडा बदलला, तर ज्यानं केलं नाही त्यानं ते कसं दाखवायचं?

येत्या सभेत प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं लॉगिन द्या. खजिनदारानं एन्ट्री करावी, चेअरमननी पास करावी. पद सुटलं की त्याच दिवशी लॉगिन बंद, आणि रजिस्टरमध्ये तारीख. रजिस्टर मी आणून देतो. सुरुवातही माझ्यापासूनच करा. चार वर्षं खजिनदार होतो, तो पासवर्ड मला अजून येतो.