कलावंताची मिळकत आणि कलावंताची मोकळीक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कलावंताने आपल्या मनाला पटेल ते निर्माण करावे, की लोक ज्यासाठी पैसे मोजतील ते? हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नीतीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. एका बाजूला ध्येयवादी कलावंत आणि दुसऱ्या बाजूला धंदेवाईक, अशी विभागणी केली की आपले विवेचन संपते. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्याला ही विभागणी अपुरी वाटते. कलावंत हाही श्रम करून पोट भरणारा माणूस आहे. गिरणीकामगाराचा विचार करताना आपण त्याच्या त्यागाचे मोजमाप करीत बसत नाही. यंत्र कोणाचे, कामाच्या अटी कोण ठरवतो आणि नफा कोणाच्या खिशात जातो, हे आपण आधी विचारतो. तेच प्रश्न कलावंताच्या बाबतीतही विचारले पाहिजेत, एवढेच आज मला सांगायचे आहे.

तमाशाच्या फडापासून सुरुवात करू. मोठ्या फडाबरोबर शंभरावर माणसे, मालमोटारी, तंबू आणि वाद्ये असा सारा संसार फिरत असतो. हंगामाच्या तोंडावर हा संसार उभा करायला फडमालकाजवळ भांडवल नसते. तो सावकाराचे कर्ज काढतो आणि त्यातून कलावंतांना ‘उचल’ देतो. उचल घेतलेला कलावंत हंगामभर फडाला बांधला जातो आणि फड सावकाराला. चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्यांवर हे सारे फेडायचे असते. आता अशा फडमालकाने नवा वग बसवण्याचे धाडस करावे अशी अपेक्षा आपण कशी करणार? समोरून चित्रपटातल्या गाण्याची फर्माईश आली, की ती पुरी करणे त्याला भाग असते. गण, गवळण आणि बतावणी आटोपती घेऊन गाण्यांची रांग लावली जाते. मग आपण सुशिक्षित मंडळी तमाशा बिघडला म्हणून हळहळतो. पण ज्याच्या डोक्यावर व्याज चढते आहे, त्याला प्रयोग फसण्याची चैन परवडत नाही, ही गोष्ट त्या हळहळीत कोठेच येत नाही. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारख्या कलावतीचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा मात्र रुग्णालयाचे देणे भागवण्यासाठी दात्यांकडे पाहावे लागले. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले, त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, आणि तरीही १९६९ साली त्यांचा अंत झाला तो दारिद्र्यात. लोकांनी त्यांना नाकारले होते असे कोणी म्हणू शकणार नाही. लोकप्रियता होती, तिची मिळकत मात्र त्यांच्या घरापर्यंत पोचली नाही.

येथे अर्थशास्त्रातला एक मुद्दा सांगणे अवश्य आहे. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या आर्थिक अडचणीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे साधे आहे. कारखान्यात यंत्र सुधारले की तेवढ्याच मजुरांकडून अधिक माल निघतो, म्हणून मजुरी वाढली तरी ती मालकाला झेपते. कलेत तसे होत नाही. एक तासाचा ख्याल गायला शंभर वर्षांपूर्वी एक तास लागत होता, आजही एक तासच लागतो. पाच पात्रांच्या नाटकाला आजही पाच नटच लागतात. मात्र त्या नटांना आजच्या बाजारभावानेच धान्य घ्यावे लागते. म्हणून जिवंत कलेचा खर्च इतर मालाच्या तुलनेत सतत वाढत जातो. ही तूट तिकिटाचे दर वाढवून, कलावंताला कमी पैसे देऊन किंवा समाजाने वाटा उचलून भरून निघते. आपल्याकडे दुसरा मार्ग सर्रास पत्करला जातो आणि त्यालाच ‘कलेची सेवा’ असे भारदस्त नाव दिले जाते.

यातून बाजाराशी संबंधच ठेवू नये, असा निष्कर्ष कोणी काढील. तो मला मान्य नाही. प्रभात फिल्म कंपनीचे उदाहरण घ्या. १९२९ साली कोल्हापुरात ती निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर ही पडदे रंगवणारी, कॅमेरा चालवणारी, स्वतः चित्रपट घडवणारी माणसे तिचे भागीदार होती. सीताराम कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. १९३३ साली पुण्यात त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभा केला. ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची वाखाणणी झाली. याच कंपनीने जरठ-कुमारी विवाहावर ‘कुंकू’ काढला, वेश्येच्या जीवनावर ‘माणूस’ काढला आणि हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांवर ‘शेजारी’ काढला. हे चित्रपट गल्ला भरण्यासाठीही होते आणि सांगण्याजोगे काही सांगण्यासाठीही होते. विषय कोणता घ्यावा हे ठरवणारे आणि तोटा आला तर तो सोसणारे एकच होते, म्हणून हा मेळ बसू शकला. ती सहकारी संस्था नव्हती, तेथेही मालक आणि पगारी नोकर होते, आणि १९४२ साली शांताराम बाहेर पडल्यावर ती फार काळ टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. मालकी हाती आली म्हणजे धैर्य आपोआप येते असे नाही. पण मालकी नसेल तर अंगी असलेले धैर्यही वाया जाते.

मालकीची दुसरी बाजू कायद्यात आहे. चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत लिहिणाऱ्याचा किंवा चाल बांधणाऱ्याचा त्या कृतीवर पुढे हक्क राहतो काय? करारात तसे काही राखून ठेवले नसेल तर पहिला मालक निर्माताच, असा निर्णय १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक स्वतंत्र टिपण जोडून गायक कलावंतांच्या हक्काकडे संसदेचे लक्ष वेधले होते. पुढची ३५ वर्षे हजारो गाणी वाजत राहिली आणि त्यांचे उत्पन्न प्रामुख्याने कंपन्यांकडे जात राहिले. २०१२ साली कायदा दुरुस्त झाला. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातला समान वाटा गीतकार-संगीतकाराला आता करार करूनही निर्मात्याला सोडून देता येत नाही. किमान वेतनाखाली काम करण्यास कामगाराची ‘संमती’ आपण ग्राह्य धरत नाही. हे तत्त्व त्याच जातीचे आहे. गरजवंताची संमती ही खरी संमती नसते, हे कायद्याने कलावंताच्या बाबतीतही मान्य केले. पण गावोगावचे लोककलावंत, अनुवादक, चित्रकार आणि नाट्यलेखक यांच्यापर्यंत या विचाराची झळाळी अजून पोचायची आहे. छापील करारावर न वाचता सही करण्याची रीत आजही चालू आहे.

आता आपल्या जवळच्या एका माणसाविषयी. निळू फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. एके काळी त्यांनी माळीकाम करून पोट भरले. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून ते चित्रपटात आले आणि पाटील, सरपंच, साखर कारखान्याचा अध्यक्ष अशा खलनायकी भूमिका बाजाराने त्यांच्याकडून पुनःपुन्हा करून घेतल्या. त्यांतल्या सगळ्याच काही त्यांच्या योग्यतेच्या नव्हत्या. पण त्याच माणसाने १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ उभा केला, ज्या नाटकासाठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यानेच ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील साकारला. चित्रपटाच्या मिळकतीने त्यांना मिंधे केले नाही, याचे कारण त्यांच्या गरजा थोड्या होत्या आणि त्यांची माणसे चळवळीत होती. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळूभाऊ आणि मराठी रंगभूमीवरील नामवंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग मोबदला न घेता केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन दिले जाऊ लागले. म्हणजे ज्या लोकप्रियतेला आपण ‘धंदेवाईक’ म्हणून नाक मुरडतो, तिच्याच जोरावर आपल्यातल्या कित्येकांच्या घरी महिन्याचा किराणा भरला गेला आहे. मित्रहो, ही गोष्ट विसरून आपण कलावंताला नीती शिकवू नये.

उलट, आपण त्याच्याशी कसे वागतो ते पाहू. मेळाव्यात मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकाचे आणि जेवणाचे पैसे चुकते होतात. शाहिराला मात्र नारळ, शाल आणि टाळ्या मिळतात. शिवाय त्याने काय गावे हेही आपणच सांगतो: अमुक ठराव, तमुक उमेदवार, घोषणा आली पाहिजे. सावकार निदान उचल देतो! पैसे न देता मजकूर ठरवून देणारा आश्रयदाता हा बाजारापेक्षा अधिक उदार आहे, असे मानायला मला काही आधार दिसत नाही. फर्माईश चित्रपटगीताची असो वा घोषणेची, कलावंताच्या मोकळिकीवर तिचा परिणाम सारखाच होतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवून मी थांबतो. पहिली, आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात कलावंताचे मानधन सर्वांत आधी लिहावे, आणि ते परवडत नसेल तर कार्यक्रम लहान करावा. दुसरी, त्याला विषय सांगावा, पण शब्द सांगू नयेत. आपल्यावर टीका करणारे गाणे त्याने म्हटले तर ते ऐकून घ्यावे. तिसरी गोष्ट संघटनेची आहे. फडांना हंगामापूर्वी रास्त व्याजाचे कर्ज, नगरपालिकांच्या नाट्यगृहांचे परवडणारे भाडे, वृद्ध कलावंतांचे शासकीय मानधन वेळेवर मिळणे आणि करार वाचून समजावून देणारा वकील या मागण्या आपण हमाल-पंचायतीच्या किंवा शेतमजुरांच्या मागण्यांइतक्याच निष्ठेने हाती घ्याव्यात. कलावंताने काय निर्माण करावे हे त्याचे त्याला ठरवू द्या. ते ठरवताना त्याच्या मानेवर सावकाराचा हात नसावा, एवढे पाहणे हे मात्र आपले काम आहे.