परक्याच्या पैशाचा हिशेब

स्वतःच्या पैशाचा हिशेब मनुष्य कसाही ठेवो. त्यास कोणी जाब विचारीत नाहीं. हिशेबाचे नियम जन्मास येतात ते परक्याचा पैसा हातीं असतो तेव्हां. पैठण ज्यांची राजधानी, त्या सातवाहनांचा प्रतिस्पर्धी क्षत्रप नहपान. त्याचा जावई उषवदात यानें नाशिकच्या लेण्यांत एक लेख कोरविला आहे. भिक्षूंच्या वस्त्रादि गरजांसाठीं त्यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेविले. पैकीं २००० दरमहा शेंकडा एक व्याजानें व १००० पाऊण व्याजानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें. आणि हा व्यवहार निगमसभेंत ऐकवून रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविला, असेंही त्यांत आहे. ठेव, दर, हेतु आणि जाहीर नोंद, सारें कांहीं दगडावर आलें.

पुढें सुमारें चौदाशें वर्षांनीं खुद्द पैठणचे एकनाथमहाराज देवगिरीवर गुरु जनार्दनस्वामींकडे हिशेबाचें काम पाहत असत. एका पैची चूक सांपडेना म्हणून ते रात्रीं दिव्यापाशीं बसून राहिले, ही कथा श्रोत्यांना ठाऊकच आहे. कीर्तनकार तींतून एकाग्रतेचा बोध काढतात. तो यथार्थ आहे. परंतु जमाखर्चाच्या दृष्टीनेंही ती विचार करण्याजोगी आहे. पदरची एक पै टाकून मेळ घालणें काय कठीण होतें? पण फरक पैचा म्हणून चूकही पैचीच, असा नेम नाहीं. जमेची शंभर रुपयांची एक रक्कम लिहावयाची राहिली, आणि खर्चाची शंभराला पै कमी अशी दुसरी राहिली, तर शिल्लक अवघ्या पैनें चुकते. ती पै पदरची टाकणाऱ्याच्या हातून दोन मोठ्या चुका झांकल्या जातात. आणि पैसा तर किल्ल्याचा! कथा मागाहून रचली असें कोणी म्हणो; रचणारास हिशेब येत होता खास.

नाथांच्या जन्मापूर्वीं, १४९४ सालीं, व्हेनिस येथें लुका पाचोली या ख्रिस्ती संन्याशाचा गणितग्रंथ छापला गेला. तेथील व्यापाऱ्यांची नांवें-जमेची दुहेरी पद्धति त्यांत त्यानें लिहून ठेविली. प्रत्येक रक्कम दोन ठिकाणीं पडे, म्हणून एकीकडची चूक दुसरीकडे उघडी होई. महाराष्ट्रांत हें काम निराळ्या रीतीनें चाले. रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून ताळेबंद हा क्रम तर होताच. शिवाय पेशवाईंत फडणिसांच्या फडाखेरीज पुण्यास एकबेरीज दप्तर असे. ठिकठिकाणचे हिशेब तेथें येत व त्यांचे खातेवार गोषवारे होत. लिहिणारा एक, ताडून पाहणारा दुसरा!

इंग्रजी अमदानींत कंपन्यांचे कायदे आले. १ जुलै १९४९ रोजीं सनदी हिशेबनिसांची भारतीय संस्था स्थापन झाली, आणि हिशेबाचीं लेखी मानकें ठरविणारें तिचें मंडळ १९७७ सालीं निघालें. कारण एकाच तऱ्हेच्या मालाची किंमत दोन कंपन्या दोन रीतींनीं धरूं लागल्या, तर भागीदारानें नफा कोणता खरा मानावा? १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या संगणकी हिशेबांत केलेला प्रत्येक फेरफार तारखेसह आपोआप नोंदला गेला पाहिजे, आणि ती नोंद कोणास बंद करतां येऊं नये, असा नियम लागू झाला आहे. पैची रक्कम बदलली तरी तिचा माग राहतो.